नायिका राह्यली बाजूले!

शिव शिव शिव! कुणाला सांगू नका, पण तिगावात सध्या जे चाललं आहे ते चार चांगल्या माणसांत बोलण्यासारखं नाही. चोरीमारी झालेली नाही, कुणाची पोरगी पळालेली नाही, बांधावरून कुऱ्हाडी निघालेल्या नाहीत. प्रकरण त्याहून नाजूक आहे. आमच्या बायका मालिकेतल्या नायिकेला वाऱ्यावर सोडून भलत्याच लोकांच्या नादी लागल्या आहेत. आणि बायकांचंच कशाला, बाप्ये काही कमी नाहीत. त्यांचंही सांगते, दम धरा.

तिगाव म्हणजे पांढुर्ण्याच्या पुढचं, चिचोंड्याकडे जाणारा रेल्वेचा घाट जिथून लागतो ते. 1956 साली राज्यांची वाटणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून छिंदवाड्याच्या चकरा वाचल्या. सरकारी कागद हिंदीत येतो, पोरं शाळेत हिंदीत भांडतात. मात्र संध्याकाळी घराघरांतून जी भांडणं ऐकू येतात ती स्वच्छ पुण्या-मुंबईच्या मराठीत. कारण ती टीव्हीतली असतात. घरची भांडणं वऱ्हाडीत, ती जेवणं झाल्यावर.

संत्रा तुटायला लागला की बायका बगीच्यात छाटणीला बसतात. मोठं फळ वेगळं, बारकं वेगळं, डागी वेगळं. हात चालतात आणि तोंडं त्याहून जोरात चालतात. 'ठरलं तर मग' ही मालिका डिसेंबर 2022 पासून चालू आहे. सायली तिची नायिका. गरीब, गुणी, आश्रमात वाढलेली. माणसानं काळजी करावी तर तिची. पण परवा माझ्या कानांनी ऐकलं ते असं:

"प्रियानं का केलं व काल?"

"का करते! दुसऱ्याच्या पोरीचं नाव लावून बसली, न् आता तोंड लपवून राह्यली."

"मले तं तिचीच दया येते बाई."

"दया? तिची? माय व!"

"हाव. रोजचं खोटं बोलाचं म्हनजे का सोपं असते? म्या एक डाव सासूले माहेरच्या पैशाचं खोटं सांगतलं होतं, तं तीन दिवस भात गिळवला नाई."

बघा! खलनायिकेची दया! तीही दिवसाढवळ्या, संत्र्याच्या ढिगाशी बसून! मी खेकसणार होते, पण त्या वहिनीच्या बोलण्यात जी गोम होती ती काही केल्या डोक्यातून जाईना. सायलीला फक्त खरं असायचं आहे. ते काम बसल्या जागी होतं. तिचं खरं नाव लावून बसलेल्या प्रियाला मात्र दर दिवशी नवं खोटं रचावं लागतं, कालचं आठवणीत ठेवावं लागतं, कोण ओळखेल म्हणून दाराकडे डोळा ठेवावा लागतो. कष्ट कुणाचे जास्त? आणि आमच्या बायकांना कष्ट बरोबर ओळखू येतात.

ही कीड आजची नाही. तिचं मूळ शोधायला गेलं की 'माझ्या नवऱ्याची बायको'पाशी जाऊन पोचतं. ऑगस्ट 2016. झी मराठीवर राधिका सुभेदार आली, ती लग्न करून मुंबईला गेलेली, नागपूरकडची, आणि बोलायला लागली ती थेट आमच्यासारखी. तिगावात त्या दिवशी काय झालं असेल याची कल्पना करा. तोवर आमची बोली टीव्हीवर यायची ती मोलकरणीच्या नाहीतर विनोदवीराच्या तोंडी. अमरावतीकडचे भारत गणेशपुरे 'चला हवा येऊ द्या'मध्ये वऱ्हाडी बोलले की आम्ही पोट धरून हसायचो, ते ठीक. पण आपल्या बोलीत कुणी रडावं, नवऱ्याला जाब विचारावा, शेवटी जिंकावं, असं ध्यानीमनी नव्हतं. आमच्या घरच्या थोरल्या, मोठ्या मायनं तर टीव्हीलाच विचारलं, "कोनाची व तू?"

आता कान इकडे करा. राधिका झालेली अनिता दाते ही नाशिकची. नाशिकची! आणि राधिका-गुरुनाथ या नवराबायकोच्या संसारात शिरलेली ती शनाया, लिपस्टिक आणि खरेदीवाचून जिला काही सुचत नाही, जिला घरकामाचा एक चमचा उचलता येत नाही, ती पहिली शनाया म्हणजे रसिका सुनील. ती मूळची अकोल्याची. म्हणजे जिला आम्ही वर्षानुवर्षं "मुंबईची टवळी" म्हणून शिव्या घातल्या ती वऱ्हाडची लेक, आणि जिच्यासाठी डोळे पुसले ती गोदाकाठची. हे कळलं त्या दिवशी गावात दोन घरी बेसन करपलं.

बरं, शिव्या घातल्या म्हणावं तर त्यातही खोट होती. शिव्या देता देता पोरी शनायासारखी मान वेळावायला शिकल्या. एकीनं पाळीव बकरीचं नाव शनाया ठेवलं, कारण ती दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन चरते. बकरीचं नाव राधिका कुणी ठेवलं नाही. याचं कारण काय असेल? मला विचाराल तर शनायाला काय हवं ते तिच्या तोंडावर लिहिलेलं असायचं. पैसा हवा, आराम हवा, कौतुक हवं, आणि हे सगळं उद्या नको, आज हवं. एवढं उघड मागणारं माणूस आमच्या घरात कोण आहे? आमच्या घरी तर साडी आवडली असली तरी "कायले आनली उगीच" म्हणावं लागतं. राधिकाला काय हवं ते लेखकांनी ठरवून दिलेलं होतं: पोराचं भलं, घराचं भलं, शेजाऱ्याचं भलं. पुढं तिनं मसाल्याचा धंदा काढला आणि तो बघता बघता अशी कोटींची उड्डाणं घेऊ लागला की अख्ख्या महाराष्ट्रानं तिची टर उडवली. शनायाच्या हावेवर मात्र कुणी अविश्वास दाखवला नाही. ती पटायची.

आणखी गंमत ऐका. 2018 मध्ये रसिका सुनील शिकायला अमेरिकेला गेली आणि शनायाच्या जागी ईशा केसकर आली. ती कोण? 'जय मल्हार'मधली बानू! ज्या बायका 2014 पासून बानूची बाजू घेऊन म्हाळसेच्या पक्षातल्या जावांशी अबोला धरून होत्या, त्यांना हा केवढा धक्का. "देवाची बायको होती व, आता गुरुनाथच्या मांगं लागली!" पुढं तीही गेली, पहिली परत आली. दोन वेळा चेहरा बदलला आणि शनाया एकदाही मेली नाही. राधिकाच्या जागी दुसरी आणून बघितली असती तर गावानं डिश काढून टाकली असती. म्हणजे नायिका माणसावर उभी असते आणि शनाया तिच्या हावेवर. चेहरा कुणाचाही चालतो.

पण शनाया परवडली म्हणायची पाळी आणली ती शेवंतानं. आता हे मी जपून सांगते, कारण घरात पोरंसोरं आहेत.

'रात्रीस खेळ चाले' फेब्रुवारी 2016 मध्ये सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा, आणि पहिल्याच भागात घरचा कर्ता, अण्णा नाईक, मेलेला. सगळी भावंडं अंत्यविधीला जमतात आणि तिथून गोष्ट चालू. आमच्याकडे मालवणी अर्धी कळायची, अर्धी अंदाजानं. तरी सगळ्यांना एकच प्रश्न: हा अण्णा होता तरी कसा? जिवंत माणसं पडद्यावर हिंडत होती आणि डोळे मेलेल्याच्या फोटोकडे. 2019 च्या जानेवारीत दुसरं पर्व आलं ते काळ मागं नेऊन. अण्णा जिवंत झाले, माधव अभ्यंकरांनी डोळे वटारले, आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता, अण्णांच्या लफड्यातली बाई, दारात उभी राहिली. त्यानंतर तिगावात काही सभ्य म्हाताऱ्यांनी रात्री साडेदहापर्यंत जागायला सुरुवात केली. इतर वेळी आठलाच घोरणारी माणसं! विचारलं तर म्हणे, "पोटात गॅस हाये."

अण्णा म्हणजे काय माणूस! खुनी, लंपट, कपटी. एक सद्गुण सापडायचा नाही. आणि ज्या बायका घरच्या नवऱ्यानं तंबाखूची पिचकारी ओट्यावर टाकली तर आठ दिवस बोलत नाहीत, त्या अण्णांची वाट बघत बसायच्या. मला यातला पांडू सगळ्यांत आवडला. विसरभोळा गडी. त्याला सगळं माहीत असतं आणि ऐन वेळी काही आठवत नाही. ज्याच्याजवळ गुपित आहे आणि ज्याच्या हातून ते कधी सांडेल याचा नेम नाही, त्याच्यावरून नजर हटते का? पांडू झालेले प्रल्हाद कुडतरकर त्या मालिकेचे लेखकही होते. लेखकानं स्वतःसाठी नायकाची नाही, गड्याची जागा राखली. हुशार माणूस. त्याला ठाऊक होतं बसायची जागा कोणती.

आता बाप्यांकडे वळते. पारावर बसलेल्या या मंडळींचं म्हणणं असतं की आम्ही असलं काही पाहत नाही, आम्ही बातम्या पाहतो. बरं. मग 1986 साली ज्याच्या घरी टीव्ही होता त्याच्या अंगणात 'नुक्कड' बघायला कोण बसायचं? हिंदीच होती ती, दूरदर्शनची, कुंदन शाह आणि सईद मिर्झांची. तिचा नायक म्हणावा तर गुरू, वायरी दुरुस्त करणारा. पण पारावरच्या कुणालाही आज विचारा, पहिलं नाव येईल ते खोपडीचं. समीर खक्कर यांनी केलेला दारुडा. नाक्यावरच्या प्रत्येकाला धंदा होता. खोपडीला झोकांडी होती आणि मधूनच असं एखादं खरं बोलणं की ऐकणाऱ्याची मान खाली जावी. 2023 मध्ये समीर खक्कर गेले, तेव्हा पारावर हळहळ झाली ती "खोपडी गेला" म्हणून. गुरूचं काम कुणी केलं होतं, हे मात्र चौघांत मिळून आठवलं नाही. (दिलीप धवन. मीच सांगितलं.)

त्याच्याही आधीची लबाडी ऐका. 1984 ची 'हम लोग'. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली, मेक्सिकोतल्या मालिकांचा धडा गिरवून लोकांना शहाणं करायला काढलेली. तिच्यात भागवंती नावाची आई होती: सोसणारी, गप्प राहणारी, सगळ्यांचं खाऊन झाल्यावर खाणारी. काढणाऱ्यांचा हेतू असा की बायांनी तिला बघून म्हणावं, आपण असं वागू नये. झालं काय, तर पुष्कळ बायकांनी तिलाच आदर्श मानलं. पुढं अभ्यासकांनी यावर कागद लिहिले. मला त्यात नवल वाटत नाही. लेखकानं बाजूच्या माणसाला कशासाठी उभं केलं हे लेखकापाशी. आम्ही त्याला कुठं बसवायचं ते आमच्यापाशी. भागवंतीला आमच्या मोठ्या मायनं थेट देव्हाऱ्याशेजारी बसवलं होतं आणि मग वर्षानुवर्षं सुनांना तिचे दाखले दिले. त्या सुना आज शनायाच्या बाजूनं का आहेत, ते यावरून समजून घ्या.

पोरांचं तर बोलूच नका. त्यांच्या मोबाईलमध्ये 'पंचायत'. 2020 पासून. त्यातही एक उघड फसवणूक आहे: गाव दाखवतात उत्तर प्रदेशातलं फुलेरा, आणि शूटिंग आमच्याच मध्य प्रदेशात, सिहोर जिल्ह्यातल्या महोडियात. आम्हाला विचारलंही नाही! असो. सचिवजी नायक आहेत, त्यांना परीक्षा द्यायची आहे, गावातून सुटायचं आहे, पोरगी आवडली आहे. छान. पण पोरं कुणाच्या नावानं रडली? उपप्रधान प्रल्हादच्या. पहिल्या दोन पर्वांत हसवणारा, दारूच्या बैठकीत साथ देणारा गडी, आणि दुसऱ्या पर्वाच्या शेवटी त्याचा फौजेतला एकुलता एक पोरगा मरतो. फैसल मलिक यांनी त्यानंतर जे केलं ते बघून माझा पुतण्या, जो आजोबांच्या तेराव्यालाही मोबाईल खेळत होता, उठून मोरीवर तोंड धुवायला गेला. हसणारा माणूस कोसळला की जास्त आवाज होतो, कारण त्याच्या दुःखाची आपण तयारी केलेली नसते. नायकावर संकट येणार हे तर जाहिरातीतच सांगितलेलं असतं.

आणि बिनोद! अशोक पाठक. आधी तो निव्वळ प्रधानांच्या विरोधातल्या भूषणच्या कुजबुजीला कान देणारा माणूस होता. चौथ्या पर्वात निवडणूक लागते. प्रधान मंजूदेवीची निशाणी दुधी, भूषणची बायको क्रांतिदेवीची कुकर. मंजूदेवीचे लोक त्याला जेवायला बोलावतात, पुरीबिरी वाढतात, इकडे ये म्हणतात. तो भुकेला आहे, गरीब आहे, नेत्यानं त्याला कधी किंमत दिलेली नाही. तरी फुटत नाही. गरीब आहे, गद्दार नाही, अशा अर्थाचं काही बोलून निघून जातो. अख्ख्या पर्वात सचिवजींना एवढा कठीण क्षण एकदाही आला नाही. हे बघून आमच्याकडचे दोन माजी पंच एकमेकांकडे बघेनासे झाले. कारण तिगावात काय, सौंसरात काय, जेवण जेवून कोण कुणाकडे गेलं ते सगळ्यांना पाठ आहे. आणि मंजूदेवी? सही तिची, खुर्ची नवऱ्याची. हे मी कुणाला उद्देशून बोलत नाही. ज्याला लागलं त्यानं मलम लावावं.

लेखक मंडळींचा राग येतो तो इथं. एवढी माणसं पदरी असताना ती वाया घालवतात. 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये 2013 साली सहा सासवा होत्या, सहा! आईआजी झाल्या होत्या रोहिणी हट्टंगडी. लोक हसले की एका पोरीला सहा सासवा कशाला. पण त्या सहाजणी एकीसारखी दुसरी नव्हती, म्हणून जान्हवीचं गरोदरपण कितीही लांबलं तरी आम्ही धीर धरला. हल्ली काय होतं? गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, शुक्रवारी चांगली भली काकू कटकारस्थानं करायला लागते. कालपर्यंत जी लोणच्याच्या बरणीवरून रुसायची ती आज जेवणात विष कालवते. अगं, बरणीवरूनच रुस ना! आम्हाला त्या बरणीतच जास्त रस होता.

'देवमाणूस'मधल्या सरू आजीचं तसं कुणी करू शकलं नाही. 2020 ची मालिका. नायकच खुनी डॉक्टर, किरण गायकवाड. म्हणजे माया कुणावर करायची हा प्रश्न. लोकांनी ती आजीवर केली. रुक्मिणी सुतार यांची ही म्हातारी गोष्टीला पुढं नेत नव्हती, कुणाला वाचवत नव्हती. नुसती म्हणींनी झोडपत होती, आणि तिच्या म्हणी अशा की आमच्या मोठ्या मायनं दोन ऐकून पदराला गाठी मारल्या आणि नवव्या दिवशी धाकट्या सुनेवर चालवल्या. एखाद्या माणसाला आपली भाषा सापडली की त्याला गोष्टीची गरज उरत नाही. तो दारात बसून राहिला तरी घर भरतं.

आणि मग घर रिकामंही होतं. 16 ऑगस्ट 2025 ला ज्योती चांदेकर गेल्या, 'ठरलं तर मग'मधल्या पूर्णा आजी. पुढं ती जागा रोहिणी हट्टंगडींनी घेतली. मोठी माय काही दिवस नव्या आजीशी बोलली नाही. मग एक दिवस म्हणाली, "आली आता, तं बसू द्या." हे सगळं टीव्हीशी, लक्षात घ्या. घरात पाहुणे बसलेले.

पण खरी बातमी पुढंच आहे, तीच सांगायला मी आले. कुठल्याही मालिकेत दिवाणखान्यात काही आक्रीत घडलं की घरची सगळी रांगेनं उभी राहतात. ढण् ढण् ढण्, आणि कॅमेरा एकेकाच्या तोंडावरून फिरतो. त्या रांगेत एक काकू असते, मागच्या बाजूला, हिरव्या नाहीतर मोतिया साडीतली. तिला बोलायला वाक्य नाही, नाव कधी कळत नाही. दिवसाच्या मजुरीवर येते, तोंडावर हात धरते आणि जाते. आमच्या मोठ्या मायची नजर गेले कैक महिने तिच्यावर आहे. मायच्या म्हणण्याप्रमाणे ती बालविधवा आहे, भावाच्या घरी राहते, सोनं सगळं वहिनीनं दाबलं आहे आणि म्हणून ती बोलत नाही. शेजारच्या काकूंचं म्हणणं निराळं: ती विधवा नाहीच, तिचा नवरा इटारसीला रेल्वेत आहे, तिला इथं करमत नाही आणि सगळ्यांची लफडी तिला ठाऊक आहेत; ज्या दिवशी तोंड उघडेल त्या दिवशी अख्खं घर उघडं पडेल.

"गळ्यात मंगळसूत्र दिसते ना तिच्या!"

"तो पदराचा काठ हाये व, तुले दिसत नाई."

"मले दिसत नाई? म्या संत्र्यावरचा डाग दहा हातावरून सांगतो!"

यावरून दोघींचा अबोला आहे. पोळ्याला पुरणाची देवाणघेवाण झाली नाही, सांबारवड्यांचा डबा आला तसा परत गेला. सायलीचं खरं नाव घरच्यांना कळलं की नाही, हे दोघींपैकी एकीलाही सांगता येणार नाही. परवाच्या भागात ती रांगेतली काकू दिसलीच नाही, तेव्हा मोठी माय म्हणाली माहेरी पाठवली असेल, आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "इटारसीले गेली!"